हंगामपूर्व क्रमवारी, अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची

हंगामपूर्व क्रमवारी : अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विजेता ठरतो. हंगामाला दोन-तीन आठवडे उरलेले असताना, एकही सामना झालेला नसताना, यंदाचे सर्वोत्तम २५ संघ कोणते आणि कोणत्या क्रमाने, याचा अंदाज जाहीर होतो. ही हंगामपूर्व क्रमवारी. पहिल्या श्रेणीत ३६० हून अधिक विद्यापीठांचे संघ खेळतात. त्यांपैकी बहुतेकांची गाठ वर्षभरात एकमेकांशी पडतच नाही. त्यामुळे कोण कोणापेक्षा सरस, हा प्रश्न गुणतक्त्यावरून सुटत नाही, कुणीतरी विचार करूनच त्याचे उत्तर द्यावे लागते. पहिला सामना होण्यापूर्वी तर विचाराखेरीज हाताशी दुसरे काहीच नसते.

या अंदाजाला पोकळ बडबड मानण्याची पद्धत आहे. तसे मानणे चुकीचे आहे.

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची, म्हणजे ‘एपी’ची, पुरुष संघांची क्रमवारी जानेवारी १९४९ मध्ये सुरू झाली. तेव्हा ती हंगाम निम्म्यावर आला की निघत असे. हंगामाआधी यादी काढण्याची प्रथा १९६१-६२ च्या हंगामापासून पडली आणि त्या पहिल्या यादीत ओहायो स्टेट अव्वल होते. जेरी लुकास आणि जॉन हॅव्हलिचेक यांचा हा संघ त्या हंगामातल्या प्रत्येक क्रमवारीत पहिलाच राहिला. अंतिम सामन्यात मात्र सिनसिनाटीने त्याला ७१-५९ असे हरवले. उपांत्य सामन्यात लुकासचा गुडघा दुखावला होता. आदल्या वर्षीही अंतिम सामन्यात याच सिनसिनाटीने ओहायो स्टेटचा पराभव केला होता. म्हणजे पहिल्याच वर्षी अंदाज हंगामभर खरा ठरला आणि शेवटच्या दिवशी हुकला. त्या काळी यादीत दहाच संघ असत. पुढे वीस झाले आणि १९८९-९० पासून पंचवीस.

मतदानाची रीत साधी आहे. देशभरातले साठ-एक क्रीडापत्रकार आणि समालोचक आपापली पंचवीस संघांची यादी पाठवतात. पहिल्या क्रमांकाला २५ गुण, दुसऱ्याला २४, असे उतरत पंचविसाव्याला एक. सगळ्या याद्यांची बेरीज झाली की क्रमवारी तयार. प्रशिक्षकांची स्वतंत्र क्रमवारीही निघते, तिची परंपरा १९५०-५१ पर्यंत मागे जाते. शिवाय प्रत्येक कॉन्फरन्स, म्हणजे आपापसांत साखळी सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, आपल्या सदस्यांपुरता अंदाज वेगळा काढतो.

मतदाराच्या हाती ऑक्टोबरमध्ये असते तरी काय? सर्वांत जुना आणि भरवशाचा धागा म्हणजे गेल्या वर्षीचे कोण परत येत आहे. सामना चाळीस मिनिटांचा आणि मैदानावर पाच खेळाडू, म्हणजे एका सामन्यात संघाकडे वाटायला २०० मिनिटे असतात. गेल्या हंगामातल्या अशा एकूण मिनिटांपैकी किती मिनिटे खेळलेले खेळाडू यंदाही त्याच जर्सीत आहेत, हा हिशेब संगणकवालेही मांडतात आणि पत्रकारही मनातल्या मनात करतात. त्यानंतर येतात शाळेतून नव्याने दाखल झालेले खेळाडू आणि त्यांची गुणवत्ता. मग प्रशिक्षक कोण, आणि गेल्या चार-पाच वर्षांत त्या विद्यापीठाची पातळी काय राहिली. हा शेवटचा मुद्दा कंटाळवाणा वाटतो, पण त्यात दम आहे. खेळाडू बदलले तरी चांगला प्रशिक्षक, मोठी तिजोरी आणि भरगच्च प्रेक्षागार ही सहसा जागची हलत नाहीत.

परत येणाऱ्यांचा हिशेब मात्र आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, २००६ च्या ड्राफ्टपासून (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीपासून) किमान वयाची अट घातली. तेव्हापासून शाळेतले सर्वोत्तम खेळाडू एक वर्ष महाविद्यालयात काढून व्यावसायिक होऊ लागले. केंटकीने २०१३-१४ मध्ये अशाच नवख्यांच्या जोरावर हंगामपूर्व पहिला क्रमांक मिळवला. हिवाळाभर हा संघ धडपडला आणि मार्चमधल्या बाद पद्धतीच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याला अवघे आठवे मानांकन मिळाले. तिथे चार विभागांत प्रत्येकी सोळा मानांकने असतात, म्हणजे आठवे मानांकन देशात तिसाव्याच्या आसपास. स्पर्धेत मात्र त्याने थेट अंतिम सामना गाठला आणि तो कनेटिकटकडून ६०-५४ असा गमावला. ऑक्टोबरमधल्या मतदारांनी या मुलांची ताकद बरोबर जोखली होती. ती एकत्र यायला किती महिने लागतील, हे त्यांना सांगता आले नाही.

दुसरा धक्का ट्रान्सफर पोर्टलचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या या नोंदवहीत नाव घातले की खेळाडू दुसऱ्या विद्यापीठाशी बोलणी करायला मोकळा होतो. एप्रिल २०२१ मध्ये एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली, तर जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रसिद्धीवर पैसे कमावता येऊ लागले. त्यानंतर दर वसंतात शेकडो खेळाडू घर बदलू लागले. २०२५ चा विजेता फ्लोरिडा हंगामपूर्व यादीत एकविसावा होता. त्याचे तीन प्रमुख गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारे, बाहेरून खेळणारे खेळाडू, तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आले होते : वॉल्टर क्लेटन आयोनाहून, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून, विल रिचर्ड बेलमॉन्टहून. त्याच वर्षी लागोपाठ दुसऱ्यांदा अव्वल ठरवलेला कॅन्सस राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत आर्कान्सॉकडून हरला. छोट्या कॉन्फरन्समध्ये वीस गुण काढणारा मुलगा मोठ्या संघात किती काढेल, हा आजच्या भाकितातला सर्वांत अवघड प्रश्न आहे.

भाकीत कसे फसते हे पाहायचे तर २०२२ ची नॉर्थ कॅरोलायनाची कथा घ्यावी. एप्रिल २०२२ मध्ये या संघाने उपांत्य सामन्यात ड्यूकला ८१-७७ ने हरवून माइक शेशेफ्स्की यांच्या प्रशिक्षक कारकिर्दीचा शेवट केला होता. त्यानंतर अंतिम सामन्यात कॅन्ससविरुद्ध तो ६९-७२ असा थोडक्यात हरला. पहिल्या पाचांतले चौघे परत येत होते. ऑक्टोबरमध्ये ६२ पैकी ४७ मतदारांनी त्याला पहिला क्रमांक दिला. वरवर पाहता चूक कुठेच नव्हती.

नोव्हेंबरच्या शेवटी ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात ‘नायकी’ कंपनीचे सहसंस्थापक फिल नाइट यांच्या नावाची निमंत्रितांची स्पर्धा झाली. तिथे नॉर्थ कॅरोलायना आयोवा स्टेटकडून हरले. पुढच्या सामन्यात अलाबामाने त्यांना चार वेळा जादा वेळ खेळवून १०३-१०१ ने हरवले. त्याच गटात, त्याच चार दिवसांत, कनेटिकटचा संघही खेळत होता. हंगामपूर्व पंचविसांत त्याचे नाव नव्हते. त्याने ओरेगनला २४ गुणांनी, अलाबामाला १५ गुणांनी आणि आयोवा स्टेटला १८ गुणांनी हरवून करंडक उचलला. ज्या दोघांकडून पहिला क्रमांक हरला, त्याच दोघांना यादीबाहेरच्या संघाने सहज लोळवले. पुढच्या सोमवारी नॉर्थ कॅरोलायना अठराव्या क्रमांकावर आले. आणखी दोन पराभव झाले आणि ते यादीतूनच गेले. शेवटी २० विजय आणि १३ पराभव. राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ खेळू लागले त्या १९८५ नंतर हंगामपूर्व पहिला क्रमांक मिळवून तिथे प्रवेशच न मिळालेला हा पहिला संघ. कनेटिकटने एप्रिल २०२३ मध्ये विजेतेपद पटकावले आणि त्या वाटेवर एकही सामना १३ पेक्षा कमी गुणांनी जिंकला नाही.

चूक कुठे झाली, ते आज दिसते. नॉर्थ कॅरोलायनाला आदल्या मार्चमध्ये आठवेच मानांकन होते. म्हणजे चार महिन्यांच्या खेळावरून तो चांगला, पण पहिल्या पंचविसांतही न बसणारा संघ होता. मतदारांच्या मनावर राहिले ते स्पर्धेतले सहा सामने. शिवाय जो पाचवा परत आला नाही, तो ब्रेडी मॅनेक, हाच लांबून हमखास बास्केट करणारा खेळाडू होता, तिहेरी गुणांच्या प्रयत्नांत चाळीस टक्क्यांच्या आसपास. त्याच्यामुळे प्रतिस्पर्ध्यांना रक्षण पसरावे लागे आणि बास्केटजवळ खेळणाऱ्या आर्मांडो बेकॉटला मोकळी जागा मिळे. तो गेल्यावर संघाचे तिहेरी गुणांचे यश ३१ टक्क्यांवर आले. ‘चौघे परत’ हा हिशेब बरोबर होता, पण गेलेला पाचवा कोण, हे त्यात मोजलेच गेले नाही.

संगणकी भाकिते याच ठिकाणी कामाला येतात. त्यांतले सर्वांत मानाचे नाव केन पॉमरॉय. हे मूळचे हवामानशास्त्रज्ञ, आणि त्यांच्या कामात ती शिस्त दिसते. आपले हवामान खाते एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा पहिला अंदाज देते आणि नवी निरीक्षणे येतील तसा सुधारते, त्याच जातीचे हे काम. पॉमरॉय संघाला जय-पराजयावरून न तोलता दर शंभर ताब्यांमागे किती गुण केले आणि किती दिले, यावरून तोलतात. ताबा म्हणजे चेंडू हाती आल्यापासून तो प्रतिस्पर्ध्याकडे जाईपर्यंतची खेळी. बास्केटवरचे प्रयत्न, त्यांतून आक्रमणातले रिबाउंड (आपलाच नेम हुकल्यावर पुन्हा मिळवलेले चेंडू) वजा, मग चेंडू गमावल्याचे प्रसंग अधिक आणि फ्री थ्रोच्या (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोफत नेमांच्या) संख्येची ०.४७५ पट अधिक, असा तो मोजतात. समजा, एका संघाने ६० वेळा बास्केटवर नेम धरला, १० आक्रमक रिबाउंड घेतले, १२ वेळा चेंडू गमावला आणि २० फ्री थ्रो घेतले. ताबे झाले ७१.५. गुण ८० असतील, तर शंभर ताब्यांमागे सुमारे ११२. मग प्रतिस्पर्धी किती तगडा होता आणि सामना कुठे झाला, यांनुसार हा आकडा सुधारून घेतात.

नव्या हंगामासाठी गेल्या वर्षीचा आकडा थोडा सरासरीकडे ओढतात, कारण असामान्य वर्षानंतरचे वर्ष बहुधा इतके असामान्य नसते. त्यात परत येणारी मिनिटे, नवे खेळाडू आणि विद्यापीठाचा मागच्या काही वर्षांचा इतिहास मिसळला की हंगामपूर्व अंदाज तयार होतो. सामने होऊ लागले म्हणून तो एकदम फेकून देत नाहीत. सुरुवातीला त्याचे वजन जास्त असते आणि दर सामन्यागणिक ते उतरत जाते. दोन आठवड्यांत तीन दुबळ्या संघांना चिरडणारा संघ खरोखर बलाढ्य आहे की नाही, हे त्या तीन सामन्यांपेक्षा ऑक्टोबरचा अंदाज अधिक नीट सांगतो.

हीच गोष्ट पत्रकारांच्या यादीलाही लागू पडते, आणि ती सहज पचनी पडत नाही. संख्याशास्त्रज्ञ नेट सिल्व्हर यांनी मार्चमधल्या स्पर्धेचे भाकीत करताना हंगामपूर्व क्रमवारीला आपल्या गणितात मुद्दाम जागा दिली होती. चार महिन्यांचे निकाल समोर असताना ऑक्टोबरची यादी कशाला, असे कुणालाही वाटेल. पण हंगामातली साप्ताहिक क्रमवारी निकालांच्या मागे धावते. जिंकले की वर, हरले की खाली. एका गुणाने हरलेला आणि वीस गुणांनी हरलेला तिथे पुष्कळदा सारखाच घसरतो. हंगामपूर्व यादी करताना समोर निकालच नसतात. मतदाराला नाइलाजाने खेळाडूंकडे पाहावे लागते : उंची किती, कौशल्य काय, राखीव फळी किती खोल. तिथे तो संघाच्या मूळ ताकदीचा विचार करतो, आणि ती ताकद मार्चपर्यंत फारशी बदलत नाही. केंटकीची २०१४ ची मजल ही याचीच साक्ष.

क्रमवारीची एक खोडही सांगायला हवी. एकदा वर बसवलेला संघ वरच राहतो. पहिल्या दहांत सुरुवात केलेला संघ एक-दोन पराभव पचवतो, तर यादीबाहेरच्याला तेवढेच विजय मिळवूनही आठवडे मोजावे लागतात. म्हणूनच राष्ट्रीय स्पर्धेची निवड समिती २०१८ पासून जे ‘नेट’ नावाचे कोष्टक वापरते, त्यात हंगामपूर्व अंदाजाला थारा नाही. प्रवेशाचा हक्क मैदानावरच्या कामगिरीवर ठरावा, हे रास्तच आहे. कोण पात्र आणि कोण बलवान, हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

महिलांची क्रमवारी १९७६ मध्ये फिलाडेल्फियाचे पत्रकार मेल ग्रीनबर्ग यांनी प्रशिक्षकांना फोन करकरून सुरू केली. तिच्यातले अलीकडचे ठळक उदाहरण २०२३ चे. प्रमुख खेळाडू अलिया बोस्टनसह साउथ कॅरोलायनाच्या पहिल्या पाचही जणी गेल्या होत्या, म्हणून मतदारांनी त्या संघाला सहावे ठेवले आणि गतविजेत्या एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) पहिले. एलएसयू पहिलाच सामना कोलोरॅडोकडून ७८-९२ असा हरले. डॉन स्टेली यांच्या प्रशिक्षणाखालच्या साउथ कॅरोलायनाने ३८ पैकी ३८ सामने जिंकले. पाचजणींमागे राखीव बाकावर बसलेल्या मुलीही इतर बहुतेक संघांत पहिल्या पाचांत खेळल्या असत्या.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरुषांच्या यादीत पर्ड्यूला इतिहासात प्रथमच हंगामपूर्व पहिला क्रमांक मिळाला. इंडियानातले हे विद्यापीठ अनेक मराठी घरांत अभियांत्रिकीमुळे आधीच ओळखीचे. मतदारांनी ज्यांच्याकडे पाहून हा कौल दिला, ते ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन हे तिघेही पोर्टलच्या काळात पर्ड्यू सोडून कुठेच गेले नव्हते, आणि २०२४ च्या अंतिम सामन्यातही तिघे त्याच जर्सीत होते.