शिंक आली की पाय आवळायचे

माझी आतेबहीण डोंबिवलीची, नोकरी फोर्टात. प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना शिंक आली की ती आधी उभ्या उभ्या पायांची अढी घालते आणि मग शिंकते. गर्दीत हे कुणाच्या नजरेत भरत नाही. माझ्या भरलं, कारण मीही बरीच वर्षं तेच करत आले होते.

"दोन बाळंतपणं झाली, आता एवढं चालायचंच," हे तिला सासूबाईंनी सांगितलं, शेजारच्या काकूंनी सांगितलं आणि एका डॉक्टरांनीही सांगितलं. ती पॅड लावू लागली. मंगळागौरीला फुगडी घालणं बंद केलं आणि कारण गुडघ्याचं सांगितलं. शेवटी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी फिजिओथेरपीची चिठ्ठी लिहून दिली, तेव्हा ती चक्रावली. फिजिओ म्हणजे गुडघा, मान, फार तर अर्धांगवायू. लघवीचा तिथे काय संबंध?

संबंध स्नायूंचा आहे. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. डॉक्टर तिला 'पेल्विक फ्लोअर' म्हणतात, आपण तळ म्हणू. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तळावर विसावलेले असतात. पुरुषांना गर्भाशय नाही, पण तळ आहेच. लघवीची नळी, योनी आणि गुदद्वार या झोळीतूनच खाली उतरतात आणि गरजेप्रमाणे तीच त्यांना आवळून धरते. तिच्यातले बरेचसे तंतू संथ, न थकता दिवसभर भार पेलणारे. उरलेले झटक्यात आवळणारे, शिंकेसाठी आणि खोकल्यासाठी राखून ठेवलेले.

आता पोटाचा पोकळ भाग झाकणाच्या डब्यासारखा आहे असं समजा. झाकण म्हणजे छातीखालचं श्वासपटल, बूड म्हणजे हा तळ. श्वास घेतला की झाकण खाली येतं आणि बूडही किंचित खाली जातं, श्वास सोडला की दोन्ही वर. शिंकताना डब्यातला दाब एकदम वाढतो. निरोगी शरीरात तळ त्याच्या क्षणभर आधीच, आपल्याला पत्ताही न लागता, आवळला जातो. गरोदरपणाचा भार, बाळंतपणातला ताण, वर्षानुवर्षांचा खोकला, बद्धकोष्ठात लावलेला जोर, पाळी गेल्यावर बदलणारे ऊतक यांपैकी कशानेही हे काम मंदावलं किंवा उशिरा होऊ लागलं की थेंब गळतात. (सिझेरियन झालं म्हणजे सुटलो असंही नाही, नऊ महिन्यांचा भार तळाने पेललेला असतोच.)

पहिल्या दिवशी ती मला सोबत घेऊन गेली. आम्हाला वाटलं होतं की मशीन लावतील, शेक देतील. पाऊण तासातला निम्म्याहून जास्त वेळ फिजिओ मॅडम नुसत्या विचारत होत्या. रात्री किती वेळा उठता? सुरू व्हायला वेळ लागतो का? झाल्यावर मोकळं वाटतं का? संडासला जोर करावा लागतो का? खाली काही उतरल्यासारखं जड वाटतं का? गावाकडे ज्याला 'अंग बाहेर येणं' म्हणतात, त्याची ही सुरुवात असू शकते. मग त्यांनी विचारलं की संबंधाच्या वेळी दुखतं का. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायला बाहेर गेले.

घरी जाताना मिळालं ते औषध नव्हतं, वही होती. तीन दिवस लिहायचं: किती वाजता काय प्यायलं, किती वाजता किती लघवी झाली, कधी गळाली, तेव्हा काय चाललं होतं. मापासाठी तिने जुन्या प्लास्टिकच्या मगावर मार्करने रेघा ओढल्या आणि नवऱ्याला दम भरला की हा मग बादलीत घालायचा नाही. वहीने तिचं गुपित फोडलं. दिवसात अकरा वेळा, आणि प्रत्येक वेळी जेमतेम शंभर मिलिलिटर. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलिलिटर मावतात, पहिली जाणीव 150-200 च्या आसपास होते, आणि जागेपणी सात-आठ वेळा जाणं ठीक समजलं जातं. म्हणजे हिचं मूत्राशय पाव भरलं नाही तोच घंटा वाजवत होतं.

ही घंटा मुंबईने लावली आहे असं माझं मत आहे. आपल्याला लहानपणापासून एकच शिकवण: बाहेर पडायच्या आधी जाऊन ये, लागली नसली तरी. लोकलमध्ये संडास नाही. स्टेशनवरचा असला तर नाक दाबून. म्हणून निघताना 'जाऊन घ्यायचं', ऑफिसात पोचल्यावर 'जाऊन घ्यायचं', आणि मधे पाणीच प्यायचं नाही. 2011 पासून याच शहरात 'राइट टू पी' नावाची चळवळ बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या मागते आहे, ती उगीच नाही. लागली नसताना दर वेळी रिकामं करत राहिलं की मूत्राशय कमी भरल्यावरच हाक मारायला शिकतं. वरून पाणी कमी, कटिंग चहा जास्त. उपचाराचा एक मोठा भाग म्हणूनच स्नायूंचा नसून सवयीचा असतो: दोन खेपांमधलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी, आठवड्या-आठवड्याने वाढवत न्यायचं.

दुसऱ्या भेटीत तपासणी. आधी उभं राहणं, श्वास कसा घेतेस ते बघणं, बाळंतपणात पोटाच्या उभ्या स्नायूंमध्ये पडलेली फट बोटांनी मोजणं. मग आतली तपासणी, ज्याची बायकांना सगळ्यात धास्ती असते. तिथे धातूचं उपकरण नसतं. हातमोजा, जेली आणि एक बोट. "आता आवळा, धरा, सोडा" एवढंच. ताकदीला शून्य ते पाच असे गुण देतात, बहिणीला दोन मिळाले. (दहावीत गणितातही इतकं वाईट वाटलं नव्हतं, असं ती म्हणाली.) ही तपासणी तुमच्या होकाराशिवाय होत नाही, मधेच "थांबा" म्हटलं की थांबायचं असतं, आणि सोबतीला कुणी हवं असेल तर तसं सांगता येतं. जिचा कधी संबंध आलेला नाही किंवा जिला हे नकोच आहे, तिच्यासाठी बाहेरून बघून, हात ठेवून किंवा पोटावरून सोनोग्राफी लावूनही बरंच कळतं. काही ठिकाणी सेन्सर लावून स्क्रीनवर रेघ दाखवतात. आवळलं की रेघ चढते, सोडलं की उतरते. न दिसणारा स्नायू डोळ्यांनी दिसला की पुष्कळांना तिथेच उलगडा होतो.

इथे केगेलची गोष्ट सांगायलाच हवी. आरनॉल्ड केगेल हे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ. 1948 साली त्यांनी तळ आवळायच्या व्यायामांवर लेख लिहिला आणि दाब मोजणारं एक उपकरणही तयार केलं. हाताने तपासून, काट्यावर दाखवून शिकवायचं, ही त्यांची पद्धत. पुढे उपकरण मागे पडलं, तपासणी मागे पडली आणि उरला तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला: सिग्नलला गाडी थांबली की केगेल करा. 1991 साली अमेरिकेत 47 स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन आवळायला सांगितलं आणि मोजून पाहिलं. जमलं ते जवळपास निम्म्यांना. साधारण पाव जणी तर अशा तऱ्हेने जोर लावत होत्या की त्याने गळणं वाढावं. त्या वर उचलण्याऐवजी खाली ढकलत होत्या. माझी बहीणही पहिल्या दिवशी श्वास कोंडून मांड्या आणि पोट आवळत होती. तळ होता तिथेच होता.

खूण अशी: चारचौघांत वारा सुटू नये म्हणून जसं रोखतो, तसं मागून सुरू करून पुढे आणत वर उचलायचं. श्वास चालू, पोट आणि नितंब सैल. लघवीची धार मधेच थांबवून पाहणं हे ओळख पटवायला एकदा ठीक, रोजचा व्यायाम म्हणून नको, नीट रिकामं होण्यात अडथळा येतो. योगवर्गात मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा केलेल्यांना ही हालचाल ओळखीची वाटेल. पण तिथेही आत नेमकं काय होतंय हे कुणी तपासत नाही.

बहिणीचं काम सुरळीत चाललेलं बघून मीही नाव घातलं. शिंक तीच, थेंब तेच, मला वाटलं उपचारही तोच. मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या, "तुम्ही आवळायचं नाही. तुम्हाला सोडता येत नाहीये."

हे कुणी सांगत नाही. काहींचा तळ ढिला नसतो, उलट मूठ वळून ठेवल्यासारखा घट्ट असतो. वळलेली मूठ आणखी कुठे वळणार? म्हणून शिंकेच्या वेळी तोही कामाला येत नाही. संबंधाच्या वेळी दुखणं, आत काही घालणंच अशक्य होणं, लघवी अडखळत होणं, माकडहाडाशी ठसठस, कुंथूनही पोट साफ न होणं, यामागे असा तळ असू शकतो. अशा माणसाने दिवसाला शंभर केगेल केले तर त्रास वाढतो. माझ्या वाट्याला आली ती उताणं पडून श्वास बरगड्यांत आणि पोटात भरायची सवय, गुडघे छातीशी घ्यायचा ताण आणि आतून बोटाने हळूहळू सैल करणं. वर एक सूचना: पोट आत ओढून उभं राहायचं नाही. पंचवीस वर्षं साडीतून पोट दिसू नये म्हणून केलेले कष्ट असे अंगाशी आले.

संडासाबद्दल एक व्यवहारी गोष्ट. तळातला एक स्नायू गुदाशयाभोवती फास टाकून त्याला पुढे ओढतो, त्यामुळे नळीला बाक येतो आणि मल अडून राहतो. उकिडवं बसलं की बाक सरळ होतो. चाळीतल्या संडासात हे आपोआप होत होतं, टॉवरमध्ये कमोड आला आणि गेलं. बाहेर यासाठी खास स्टूल विकत मिळतात. आमच्या घरी माळ्यावर जेवायचा जुना पाट पडून होता, तो पायाखाली घेतला.

पुरुषांनी इथवर वाचलं असेल तर: प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी गळते तेव्हाही हीच फिजिओथेरपी कामाला येते, आणि ती शस्त्रक्रियेच्या आधीपासून शिकून ठेवलेली बरी.

ढिल्या तळासाठीचा नेहमीचा पाठ साधा असतो. आठ वेळा आवळून धरायचं, तितकाच वेळ सोडायचं, दिवसातून तीनदा, आणि हे निदान तीन महिने. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनातही हाच आकडा आहे, औषध-शस्त्रक्रियेच्या आधी करून पाहायचा उपाय म्हणून. आठवड्याभरात काही होत नाही. स्नायू दंडाचा असो की तळाचा, वाढायला वेळ घेतोच. जोडीला शिंकेच्या आधी मुद्दाम आवळायचा सराव. मात्र लघवीतून रक्त, ताप, किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा येऊन लघवी-शौचाचा ताबा सुटणं, असं झालं तर व्यायाम करत बसू नये, तातडीने डॉक्टर गाठावा.

भारतातली फिजिओथेरपीची पहिली शाळा 1953 साली मुंबईतच, परळच्या केईएममध्ये निघाली. आज पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हा विभाग असतो, पण प्रत्येक फिजिओने तळाच्या स्नायूंचं वेगळं शिक्षण घेतलेलं असतंच असं नाही. तेव्हा आधी फोन करून "पेल्विक फ्लोअरचं बघता का?" असं सरळ विचारावं. सैल कपडे घालावेत. पाळी असली तरी बोलणं आणि श्वासाचे व्यायाम अडत नाहीत.

बहिणीची शिंक तिसऱ्या महिन्यात आटोक्यात आली. किल्ली मात्र अजून छळते. दिवसभर काही नसतं, रिक्षातून उतरेपर्यंत काही नसतं, आणि कुलपात किल्ली घातली की एकदम अनावर होते. मेंदूने दार आणि संडास यांची गाठ मारून ठेवलेली असते. मॅडमनी सांगितलंय की तेव्हा पळायचं नाही. दाराबाहेर उभं राहायचं, पटापट पाच वेळा आवळायचं, शंभरापासून उलटे आकडे मोजायचे. कळ लाटेसारखी असते, चढते आणि ओसरते. परवा मी तिच्याबरोबर होते. ती किल्ली धरून दारात उभी, शेजारच्या काकू विचारतायत, "काय गं, उघडत नाही का?" ती म्हणाली, "चौऱ्याऐंशी." मग दार उघडलं, चपला काढून रॅकवर सरळ लावल्या, पर्स खुंटीला अडकवली, आणि स्वयंपाकघरात जाऊन आधी चहाचं आधण ठेवलं.