विरोधी पक्षनेत्याच्या खुर्चीमागचा इतिहास

महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ च्या निकालानंतर २८८ जणांच्या सभागृहात सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाकडे अवघे २० आमदार उरले आणि विरोधी पक्षनेतेपदाचा वाद उभा राहिला. लोकसभेत २०१४ ते २०२४ ही दहा वर्षे हे पद रिकामेच होते. ५४३ जागांपैकी काँग्रेसला आधी ४४, मग ५२ मिळाल्या. प्रत्येक वेळी आधार घेतला गेला तो एक दशांशाच्या संकेताचा.

हा संकेत पहिले लोकसभाध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळातला. गणपूर्तीला, म्हणजे सभागृहाचे कामकाज चालायला, लागतात तेवढे एक दशांश सदस्य असतील तरच पक्ष म्हणून मान्यता, असा त्याचा हिशेब. १९५२ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या कम्युनिस्टांकडे १६ जागा होत्या. त्यामुळे नेहरूंसमोर अधिकृत विरोधी पक्षनेता कधी बसलाच नाही. पहिले मान्यताप्राप्त नेते रामसुभग सिंह, तेही काँग्रेस फुटल्यावर, १९६९ मध्ये.

विरोध मात्र होता, आणि सडेतोड होता. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी पहिला अविश्वास ठराव आणला. सामान्य माणूस रोज तीन आण्यांवर जगतो, हे लोहियांनी सभागृहात ठणकावून सांगितले. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला, पण चार दिवस सरकारला उत्तरे द्यावी लागली.

आपल्याकडचे उदाहरण मला त्याहून जवळचे वाटते. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली होती, लोकांचा संताप ताजा होता. तरीही एसेम जोशींच्या नेतृत्वाखाली पसरणीच्या घाटात हजारोंनी काळे झेंडे दाखवले ते शांततेने. मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. पाच वर्षांनी, चीनच्या आक्रमणात, तेच संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि नाशिकच्या पोटनिवडणुकीत त्यांच्याविरुद्ध कोणीच उभे राहिले नाही. ते बिनविरोध लोकसभेत पोचले.

१९७७ मध्ये हेच यशवंतराव लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. आणीबाणीच्या मंत्रिमंडळात ते राहिले, याचे समर्थन मी करणार नाही. पण समोर सत्तेत कोण होते ते पाहा. जनता पक्षाची, मधू दंडवत्यांसारखी, नुकतीच तुरुंगातून सुटलेली माणसे. ज्या पक्षाने आपल्याला कोंडले, त्याच्याच नेत्याला त्यांनी १९७७ च्या कायद्याने केंद्रीय मंत्र्याच्या तोडीचे वेतन आणि दर्जा दिला. सूड घ्यायला संख्याबळ पुरेसे होते, तरी त्यांनी समोरच्याची खुर्ची भक्कम केली. राष्ट्राच्या नेत्यात मी आधी हेच शोधतो. पुढच्या वर्षी आणीबाणीतले अतिरेक दुरुस्त करणारी ४४ वी घटनादुरुस्ती झाली. राज्यसभेत काँग्रेसजनांच्या मतांवाचून ती मंजूर होणे शक्य नव्हते.

त्या १९७७ च्या कायद्यात एक दशांशाची अट कुठेच नाही. विरोधातील सर्वाधिक सदस्यांच्या पक्षाचा नेता, ज्याला सभापतींनी किंवा अध्यक्षांनी मान्यता दिली आहे, एवढीच त्याची व्याख्या आहे. महाराष्ट्रानेही १९७८ मध्ये आपल्या विधिमंडळासाठी असा कायदा केला.