सायकलच्या हेडसेटमधील खेळ काढणे

सायकलचा फोर्क (दुकानात यालाच चिमटा म्हणतात) फ्रेमच्या पुढच्या नळीत वर एक आणि खाली एक अशा दोन बेअरिंगांवर फिरतो. ही बेअरिंगे, त्यांचे कप, रिंगा आणि वरची टोपी मिळून हेडसेट होतो. तो ढिला पडला, म्हणजे त्यात खेळ आला, की पुढचा ब्रेक दाबताना हँडलाखाली ‘टक्’ असे वाजते. तशीच सायकल चालवत राहिल्यास दर धक्क्याला बेअरिंगमधले छर्रे त्याच जागी आपटून कपात खळगे पाडतात. मग कितीही जुळवले तरी हँडल सरळ रेषेत येताच अडकते. तेव्हा हे दहा मिनिटांचे काम पुढे ढकलू नये.

ठाणे-नवी मुंबईत खालचे बेअरिंग आधी जाते. जून ते सप्टेंबर पुढचे चाक चिखलपाणी थेट त्याच्यावर उडवते, त्यात घोडबंदर रस्त्यावरचे खड्डे आणि पेव्हर ब्लॉकचे उंचसखल सांधे. पुढे मडगार्ड नसेल तर पावसाळा संपताच फोर्क उतरवून हे बेअरिंग पाहावे. पार्किंगमध्ये सायकल धुताना पाइपची धार तिथे मारू नये, ग्रीस वाहून जाते.

आधी खेळ नेमका कुठे आहे ते ठरवावे. पुढचा ब्रेक दाबून, एका हाताची बोटे खालच्या कपाच्या फटीवर ठेवून सायकल मागेपुढे हलवावी. फटीत हालचाल जाणवली तर दोष हेडसेटचा. डिस्क ब्रेकचे पॅड सैल असले किंवा सस्पेन्शन फोर्कचे बुश (आतल्या सरकत्या नळ्यांना आधार देणाऱ्या रिंगा) झिजले असले तरी असाच धक्का जाणवतो. म्हणून हँडल काटकोनात वळवून, ब्रेक न दाबता पुन्हा हलवून पाहावे; खेळ ब्रेकचा असेल तर तो आता जाणवणार नाही. रिम धरून डावी-उजवीकडे ढकलल्यावर चाक हलले, तर खेळ हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) आहे.

आजच्या बहुतेक गिअरच्या सायकलींत फोर्कच्या नळीला वर आटे नसतात (व्यास बहुधा २८.६ मिमी). इथे सगळे क्रमावर अवलंबून आहे. आधी स्टेमचे (हँडल फोर्कच्या नळीला जोडणारा भाग) बाजूचे दोन्ही बोल्ट सैल करायचे, मगच टोपीचा बोल्ट एलन कीने एका वेळी पाव फेऱ्याहून कमी आवळायचा. बाजूचे बोल्ट घट्ट असताना टोपी कसली तर खेळ जात नाही, उलट नळीतला स्टार नट (टोपीचा बोल्ट ज्यात बसतो तो) वर ओढला जातो. टोपी फक्त बेअरिंगवर दाब आणते, हँडल धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट. खेळ गेला की हँडल चाकाशी सरळ करून ते आळीपाळीने, स्टेमवर छापलेल्या टॉर्कइतके (आवळण्याचा जोर, बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास) आवळावेत. पुढचे चाक उचलून सायकल कलती केल्यावर हँडल आपोआप एका बाजूला वळले पाहिजे. अडखळले तर दाब जास्त झाला.

टोपी पूर्ण बसूनही खेळ राहिला, तर नळीचे टोक टोपीला टेकते आहे. ते स्टेमच्या किंवा स्पेसरच्या (नळीवर घालायची रिंग) वरच्या कडेपासून सुमारे ३ मिमी खाली हवे. एक स्पेसर वाढवला की काम होते. कार्बनच्या नळीत स्टार नट ठोकू नये, तिथे आतून फुगणारा प्लग लागतो.

जुन्या काळ्या सायकलींत नळीला आटे असतात. १ इंची हेडसेटला सहसा ३२ मिमीचा चपटा पाना लागतो. वरचा चेक नट सैल करून त्याच्या लगेच खालचा, वरच्या बेअरिंगचा आट्यांचा कप हाताने टेकेपर्यंत फिरवावा, पाव फेऱ्याहून कमी मागे घ्यावा आणि तो पान्याने धरूनच चेक नट आवळावा. आवळताना उरलेला खेळ जातो. मधला खाचेचा वायसर हरवला असेल तर कप नटासोबत फिरतो आणि जुळवणी टिकत नाही. हँडलच चाकाच्या मानाने फिरत असेल तर तो हेडसेटचा दोष नव्हे, त्याचा मधला लांब बोल्ट आवळावा.

उघडल्यावर छर्ऱ्यांचा पिंजरा (छर्रे धरणारी पत्र्याची कडी) उलटा बसवण्याची चूक फार होते. कपाला छर्रे लागले पाहिजेत, पत्रा नव्हे. सुटे छर्रे कप भरेपर्यंत लावून एक काढून घ्यावा. सीलबंद बेअरिंग बदलताना त्यावरचे ‘३६×४५’ किंवा ‘४५×४५’ हे कोन जुन्याशी ताडून घ्यावेत. कोन चुकला की नवे बेअरिंगही वाजते. नवे कप बसवल्यास दोन-तीनदा सायकल चालवल्यावर ते जागेवर बसतात आणि थोडा खेळ पुन्हा येतो, तेव्हा एकदा परत जुळवावे.