ब्रिटिश शिक्षणव्यवस्था

युनायटेड किंग्डममधील शालेय व उच्च शिक्षणाची रचना. सबंध देशाला लागू असलेली एकच व्यवस्था तेथे नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांचे शिक्षणमंत्री वेगळे, अभ्यासक्रमही वेगळे. १७०७ मध्ये इंग्लंडशी एक झाल्यावरही स्कॉटलंडने आपल्या शाळा स्वतंत्रच ठेवल्या.

इंग्लंडमध्ये पाचव्या वर्षापासून शिक्षण सक्तीचे आहे. बहुतेक मुले त्याआधीच 'रिसेप्शन' या शाळेतील पहिल्या वर्गात जाऊ लागतात. अकराव्या वर्षी प्राथमिक शाळा संपते, आणि खरा वाद येथूनच सुरू होतो. १९४४ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण मोफत झाले, पण एका परीक्षेवरून निवडक मुले पुस्तकी अभ्यासावर भर देणाऱ्या ग्रामर स्कूलमध्ये आणि उरलेली बहुतेक सेकंडरी मॉडर्न या सर्वसाधारण शाळांत पाठवली जात. अकरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याची वाट एका परीक्षेने ठरवणे अन्यायाचेच होते. १९६५ पासून सरकारने सर्वांना सामावून घेणाऱ्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळांचा आग्रह धरला. तरीही इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर स्कूल टिकून आहेत. केंट व बकिंगहॅमशरमध्ये ही परीक्षा आजही होते. उत्तर आयर्लंडमध्ये तर निवडीची पद्धत अधिकच रुजलेली आहे. ईटन, विंचेस्टर यांसारख्या भरमसाट शुल्क घेणाऱ्या खासगी शाळांत इंग्लंडमधील सुमारे ७ टक्के मुले शिकतात.

सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा होते. तिला साधारणपणे आठ ते दहा विषय असतात. पुढची दोन वर्षे ए-लेव्हल या शाळेअखेरच्या परीक्षेची, आणि तेथे विषय बहुधा तीनच. मुंबई-पुण्यातील केंब्रिज मंडळाच्या शाळांमुळे ही परीक्षा मराठी पालकांनाही परिचित आहे. तीन विषयांमुळे अभ्यासाला खोली येते हे खरे; पण भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलाचा इतिहास आणि साहित्य सोळाव्या वर्षीच सुटते, ही किंमत फार मोठी आहे. स्कॉटलंडमधील 'हायर' या विद्यापीठप्रवेशासाठीच्या परीक्षेला सहसा पाच विषय घेतात. तेथील ऑनर्स पदवीही चार वर्षांची असते, तर इंग्लंडमध्ये बहुधा तीन वर्षांची.

विद्यापीठप्रवेशाचे अर्ज 'यूकास' या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. शिक्षकांनी वर्तवलेल्या श्रेणी पाहून विद्यापीठे सशर्त जागा देऊ करतात. ऑगस्टमध्ये निकाल लागला की ती जागा पक्की होते किंवा हातची जाते. इंग्लंडमध्ये १९९८ मध्ये वर्षाला १,००० पौंडांपर्यंत असलेले शिक्षणशुल्क २०१२ मध्ये ९,००० पौंडांपर्यंत गेले. ते बहुतेक विद्यार्थी सरकारी कर्जातून भरतात. स्कॉटलंडमधील मुलांना मात्र आपल्याकडील विद्यापीठांत पहिल्या पदवीसाठी हे शुल्क स्वतः भरावे लागत नाही. त्यामुळे एडिंबरातील एकाच वर्गात स्कॉटिश विद्यार्थी शुल्काविना शिकतो आणि त्याच्या शेजारचा इंग्लिश विद्यार्थी कर्ज काढून.