अंगावरून जातं ते आणि अंगात जातं ते

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की बाळंतिणीच्या खोलीत एकच वाद रंगतो. आजी म्हणते, "पोऱ्याले पानी पाज व माय, केवढं ऊन तपी ऱ्हायनं!" सुनेला दवाखान्यात बजावलेलं असतं की सहा महिने आईच्या दुधाशिवाय थेंबभर काही द्यायचं नाही. आजीच्या बाजूने पाच बाळंतपणं, सुनेच्या बाजूने डॉक्टरांची चिठ्ठी. बाळाचा बाप "दे ना चमचाभर, काय होतं" म्हणून मोकळा होतो.

या वादात सून बरोबर आहे, आणि का बरोबर आहे हे नीट सांगितलं तर आजीलाही पटतं. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येतं ते दूध जास्त पातळ, तहान त्यानेच भागते. दिल्लीत ऐन उन्हाळ्यात केलेला एक अभ्यास १९९१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निव्वळ अंगावर पिणारी बाळं आणि वरून पाणीही मिळणारी बाळं यांची त्यात तुलना होती. नुसत्या दुधावरच्या बाळांच्या शरीरातलं पाण्याचं गणित काही बिघडलेलं नव्हतं. उलट पाण्याचा तोटाच होतो. तान्ह्याचं पोट एवढंसं, ते पाण्याने भरलं की दूध कमी जातं. बाळ कमी ओढतं तसं आईचं दूधही कमी तयार होतं. माठातून, चमच्यातून जंतू जातात ते वेगळेच. शिवाय या वयात मूत्रपिंडं कच्ची असतात. पाणी फार झालं तर रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात.

पण आजीची काळजी खोटी नाही, तिचा उपाय तेवढा चुकतो. मे महिन्यात बाळाला टोपरं, पायमोजे, वर दुपट्याची घट्ट गुंडाळी आणि खाटेखाली शेगडी असेल तर त्याचं अंग तापणारच. अशा वेळी सुती झबलं एकच पुरे, टोपरं काढावं, आणि पाणी प्यायचंच तर ते आईने प्यावं, भरपूर. बाळंतिणीला पाणी मोजून देण्याचं पथ्य अजून काही घरांत पाळलं जातं, ते आधी मोडायला हवं. पहिल्या आठवड्यात दूध नीट उतरलं नाही तर बाळ खरोखर कोरडं पडू शकतं, हेही लक्षात ठेवावं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी लघव्या, अंगात ताप, टाळू आत गेलेली, बाळ प्यायलाही उठत नाही, अशी लक्षणं दिसली तर चमचा-वाटी शोधू नये, सरळ दवाखाना गाठावा.

मुलं वाढवायची जुनी रीत चांगली की नवी, असं विचारलं की घरात दोन पक्ष पडतात आणि बाळ बाजूला राहतं. मला त्यापेक्षा दुसरा प्रश्न उपयोगाचा वाटतो: ही गोष्ट बाळाच्या अंगावरून जाते की अंगात जाते? हात, मांडी, आवाज, झोका यांतून जे पोचतं ते शास्त्राच्या कसोटीवर बहुधा टिकतं. तोंड, नाक, डोळा, बेंबी, फुप्फुसं या वाटांनी आत जाणारं मात्र प्रत्येक वेळी तपासून घ्यावं, मग ते आजीच्या बटव्यातलं असो की मेडिकलच्या दुकानातलं. नियम ढोबळ आहे, अपवाद पुढे येतीलच.

अंघोळीपासून सुरू करू. न्हाऊ घालणारी बाई पाटावर बसून पाय लांब सोडते, बाळाला नडग्यांवर पालथं टाकते आणि मानेपासून ढुंगणापर्यंत तळहात सावकाश ओढत नेते. यात एका वेळी दोन कामं होतात. पालथं पडलेलं बाळ मान उचलायला धडपडतं, मान-खांद्याचे स्नायू बळकट होतात. अजून रांगता न येणाऱ्या बाळाला जागेपणी दिवसाकाठी निदान अर्धा तास पालथं ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते. दुसरं काम हाताच्या त्या संथ गतीचं. आपल्या त्वचेत काही मज्जातंतू असे आहेत की ते फक्त हळुवार कुरवाळण्याला प्रतिसाद देतात, सेकंदाला साधारण तीन सेंटिमीटर या वेगाला सर्वांत जास्त. स्पर्श कुठे झाला यापेक्षा तो सुखाचा आहे की नाही, हे ते मेंदूला कळवतात. १९८६ साली मायामी विद्यापीठाच्या अभ्यासात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना रोज ठरावीक वेळ अंग चोळून दिलं, तर तेवढंच दूध पिऊनही त्यांचं वजन रोज ४७ टक्के जास्त वाढलं. ढाक्यातल्या रुग्णालयात अशाच कमी दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावलं, तेव्हा त्यांच्यातला जंतुसंसर्ग सुमारे ४० टक्क्यांनी घटला. तेलाने नाजूक त्वचेची तटबंदी सांधली गेली, असा त्याचा अर्थ. मोहरीचं तेल मात्र ही तटबंदी ढिली करतं असं दिसलं आहे, तेव्हा तान्ह्याला ते नको.

तेल लावा, पण कानात आणि नाकात सोडू नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. नवजात बाळाची छाती थोडी फुगलेली दिसते ती आईच्या संप्रेरकांमुळे, काही आठवड्यांत आपोआप बसते. ती पिळून 'दूध' काढायच्या नादात गळू झालेली बाळं डॉक्टरांकडे अजूनही येतात. नाक चिमटीत ओढून सरळ होत नाही. आणि दिवस भरलेल्या, धडधाकट बाळालाही जन्मल्यानंतर पहिले २४ तास अंघोळ नको.

आता अंगात जाणारं. गुटी उगाळताना आजीचा हात कधी चुकत नाही असं आपण म्हणतो: मुरडशेंगेचे दोन वळसे, वेखंडाचा एक, जायफळाचा अर्धा. पण सहाणेवरच्या एका वळशात किती औषध उतरलं, हे लाकडावर, दाबावर आणि पाण्यावर ठरतं, रोज निराळं. जायफळाने बाळ शांत झोपतं ते त्यातल्या गुंगी आणणाऱ्या द्रव्यांमुळे. वेखंडात बीटा-असारोन नावाचं रसायन असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोग झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. सहा महिन्यांच्या आत गुटी नकोच. गंमत अशी, की गुटी बंद करणाऱ्या घरांत पुष्कळदा ग्राइप वॉटरची बाटली येते आणि ती 'आधुनिक' समजली जाते. हे औषध इंग्लंडातलं, १८५१ सालचं. त्यात सुरुवातीला चक्क मद्यार्क असे. म्हणजे ते बहुतेक आज्यांच्या आजीपेक्षाही जुनं. मद्यार्क आता काढलेला असला, तरी पोटदुखीवर त्याचा गुण येतो असा भक्कम पुरावा नाही. वरच्या दुधाच्या डब्याचंही तसंच. खरोखर गरज असेल तिथे तो जीव वाचवतो. पण त्याची जाहिरात करायलाच आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने मनाई आहे, यावरून काय ते समजावं.

मध चाटवणं एक वर्षाच्या आत धोक्याचं. बोटुलिझम या अंग लुळं पाडणाऱ्या आजाराच्या जंतूंची बीजाणू मधात असू शकतात, मोठ्यांचं आतडं त्यांना दाद देत नाही, तान्ह्याचं देतं. पहिला पिवळसर चीक पिळून टाकायची रीत आता बरीच कमी झाली, हे चांगलं झालं. रोगाशी लढणारी प्रतिपिंडं त्यातच सर्वांत जास्त असतात. धुरी दिल्यावर खोलीला ओवा-शेपेचा वास छान येतो, पण बंद खोलीत कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइडही निघतो. सुरम्यात शिसं असतं, म्हणून डोळ्यात काही नको. तीट हवी तर कानामागे लावा, दृष्ट काढायला तेवढी पुरते! बेंबीला राख, शेण, हळद काही नको, नाळ कोरडी ठेवली की पुरे. या एका सवयीचं मोल किती, ते धनुर्वाताने सांगितलं. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत बाळं घेऊन जाणारा हा रोग आईला लस, स्वच्छ हातांनी कापलेली नाळ आणि कोरडी बेंबी एवढ्यावर आटोक्यात आला, आणि २०१५ मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं.

तोंडावाटे जाणारं सगळंच वाईट, असं मात्र नाही. सहा महिने पूर्ण झाले की खानदेशी स्वयंपाकघरासारखा आधार नाही. कळण्याच्या पिठात ज्वारी आणि उडीद एकत्र दळतात. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी, तो उडदात भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. आहारतज्ज्ञ सांगतात तो धान्य-डाळीचा मेळ जात्यावरच जमलेला आहे. बाळासाठी फक्त मीठ न घातलेलं पीठ वेगळं काढावं आणि मऊसर शिजवून द्यावं. नागलीत, म्हणजे नाचणीत, १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ती मोड आणून, वाळवून दळली की मोडांतल्या विकरांमुळे खीर पातळ राहते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. रावेर-यावलकडे केळ्याला तर तोटाच नाही. शेंगदाण्याचं कूटही लवकर सुरू करावं. इंग्लंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा दिला तर पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. अंगावर चट्टे येण्याची, इसब असण्याची प्रवृत्ती असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नये, श्वासनलिकेत अडकतो.

पांगुळगाडा आणि वॉकर यांची गोष्ट मला फार आवडते. लाकडी पांगुळगाडा पोरगं मागे उभं राहून ढकलतं. तळपाय पूर्ण जमिनीवर, तोल त्याचा त्यालाच सांभाळायचा, आणि पाय कुठे पडतोय ते दिसतं. प्लॅस्टिकच्या वॉकरमध्ये ते बसतं, बोटांवर सरकतं आणि ताटलीमुळे त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात अशा वॉकरमधली बाळं बसायला, रांगायला, चालायला उशिरा लागली. पायऱ्यांवरून गडगडून डोकं फुटण्याच्या घटनांमुळे कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी आणली. आपल्याकडे तो बारशाच्या आहेरात अजून येतो, आणि पांगुळगाडा माळ्यावर पडलेला असतो.

झोक्याचंही असंच. रडणाऱ्या बाळाला उचलून चालू लागलं की त्याच्या हृदयाची धडधड मंदावते. जपानी संशोधकांनी २०२२ मध्ये वेळही सांगितली: पाच मिनिटं चाला, झोपल्यावर आणखी पाच-आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसा, मग खाली ठेवा. "निजलं म्हणून लगेच टाकू नको, दचकेल," हे आजीचं म्हणणं त्यात जसंच्या तसं आलं आहे. इथे अपवाद झोळीचा. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो. कोणी जवळ बसलेलं असेल तर झोका द्यावा, पण रात्रभराची झोप सपाट अंथरुणावर, पाठीवर आणि उशीशिवाय.

घरची रीत आणि शास्त्र यांचा मेळ प्रत्यक्षात घालून कोणी पाहिला आहे का? पाहिला आहे, आणि आपल्याच राज्यात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली: वजन करणं, ऊब देणं, स्तनपानाला मदत, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. बाळ घरीच, आजी शेजारीच. १९९९ मध्ये त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आशाताईंनी घरी जाऊन नवजात बाळ पाहण्याची योजना पुढे देशभर याच धर्तीवर उभी राहिली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर त्या पोचतात की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. त्या आल्या की सुनेशीच बोलून निघून जातात, हे मला खटकतं. सहाण ज्या हातात आहे, त्या हाताशी बोलणं झालं नाही तर भेट निम्मीच झाली.

राहिला आवाज. त्या बाबतीत हल्ली घरातल्या बाजू बदललेल्या दिसतात. घास भरवताना मोबाइल समोर धरणारी पुष्कळदा आजीच असते आणि "स्क्रीन नको" म्हणून कुरकुरणारी सून. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच म्हणते, दोन ते चार वर्षांत फार तर तासभर. कारण सरळ आहे, पडदा बोलतो पण उत्तराची वाट पाहत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत चार ते सहा वर्षांच्या मुलांचे मेंदू तपासले, तेव्हा कानावर किती शब्द पडले यापेक्षा मोठ्यांशी किती वेळा बोलण्याची देवाणघेवाण झाली, याच्याशी भाषेच्या भागाची हालचाल जास्त जुळली. अंगाईचंही कौतुक आहे. अमेरिकेतल्या बाळांना अनोळखी भाषांतल्या अंगाया ऐकवल्या, तरी त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले.

मग अंगाई खानदेशच्या अहिराणी बोलीत का नसावी? २०११ च्या जनगणनेत अहिराणीसह खानदेशी बोलणारे अठरा लाखांहून अधिक नोंदले गेले. तरी जळगाव-धुळ्याच्या कॉलन्यांमध्ये "त्याच्याशी अहिराणीत बोलू नका, शाळेत अडेल" अशी ताकीद आजी-आजोबांना मिळते. मग आजी बिचारी अडखळत प्रमाण मराठी बोलते, तेही मोजकं, आणि निम्म्या गोष्टी मनातच ठेवते. दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं मागे पडत नाहीत, पहिला शब्द तीही साधारण त्याच वयात बोलतात. एका वाक्यात दोन भाषांची सरमिसळ होते काही काळ, ती गोंधळाची खूण नव्हे. दोन-तीन वर्षांचं झालं की आजीशी एक बोली आणि बालवाडीच्या ताईंशी दुसरी, ही वाटणी मूल आपणहून करतं.