तेल जोवर तेल आहे तोवर

गरम बटाटावडा वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवला की दोन मिनिटांत खालचा कागद पारदर्शक होतो आणि मागच्या पानावरची बातमी उलटी दिसायला लागते. (अशा कागदावर खाऊ नये हे खरं, पण पाहायला हरकत नाही.) शर्टावरचा तेलाचा डाग म्हणजे हीच गंमत. कापसाचा तंतू मुळात जवळजवळ पारदर्शकच असतो. कापड पांढरं दिसतं ते तंतूंमधल्या हवेमुळे. पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचं माप म्हणजे अपवर्तनांक. हवेचा १, कापसाचा सुमारे १.५५. एवढ्या फरकामुळे प्रकाश दर फटीपाशी वळतो, विखुरतो आणि पांढरा होऊन परत येतो. तेलाचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास, म्हणजे कापसाच्या अगदी शेजारचा. फटींत तेल भरलं की प्रकाश फारसा न विखुरता आरपार जातो आणि तेवढा भाग गडद दिसतो. पाणीही हेच करतं, थोडं कमी. पण पाणी उडून जातं, तेल बसून राहतं.

बसून राहतं म्हणजे तसंच राहतं असं मात्र नाही, आणि आपण फसतो ते इथेच.

मागच्या दिवाळीत चकल्या तळताना माझ्या पांढऱ्या सुती कुडत्यावर करडईच्या तेलाचे चार थेंब उडाले. ओल्या फडक्यानं पुसले आणि कुडता खुंटीला अडकवला. फराळ झाला, पाहुणे झाले, आठवड्यानं तो धुतला. ओला असताना डाग दिसेना, म्हणून दमट असतानाच कडक इस्त्री फिरवली. चारही डाग इस्त्रीखालून हजर! वर कडेला पिवळी झाक.

झालं होतं असं. खाद्यतेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या खुंटीला टांगलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या. त्या शेपट्यांत दुहेरी बंध असले की हवेतला ऑक्सिजन तिथे येऊन चिकटतो आणि पुढे शेजारशेजारचे रेणू एकमेकांत गुंततात. सुटे रेणू जाऊन जाळं तयार होतं. उष्णतेनं हे काम झपाट्यानं होतं, म्हणजे माझ्या इस्त्रीनं मदतच केली. जवसाच्या तेलात असे बंध इतके असतात की ते हवेत आपोआप घट्ट होतं. चित्रकारांचे तैलरंग त्यावरच उभे आहेत. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात ७० टक्क्यांहून जास्त लिनोलिक आम्ल, म्हणजे दुहेरी बंध असलेलं मेदाम्ल, असतं, तेही या वाटेनं बरंच पुढे जातं. शेंगदाण्याचं तेल जरा सावकाश. खोबरेल जवळपास ९० टक्के संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेलं, त्यामुळे ते महिनोन्‌महिने तेलच राहतं.

पुरावा हवा असेल तर स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर बोट फिरवा. तो चिकट, पिवळा, बोटाला ओढणारा थर एकेकाळी फोडणीचं तेल होता. कच्छमधल्या निरोणा गावचे कारागीर हेच मुद्दाम करतात. एरंडेल तासन्‌तास उकळून ते घट्ट करतात, त्यात रंग घालतात आणि लोखंडी काडीनं कापडावर नक्षी काढतात. ती रोगन कला. एरंडेल एरवी वाळत नाही, पण तापवल्यावर त्याच्या रेणूतून पाणी निघून जातं, नवे दुहेरी बंध तयार होतात आणि मग ते कापडावर पक्कं बसतं. माझ्या कुडत्यावर झालं ते याचंच गबाळं रूप.

म्हणून डाग पडला की पहिल्याच दिवशी हात घालायचा. आधी कागदानं टिपायचं, चोळायचं नाही. मग वर टाल्कम पावडर. तिच्या बारीक कणांमधल्या फटी कापडातलं तेल ओढून घेतात. डाळीचं पीठही चालतं म्हणतात, पण पांढऱ्या कपड्यावर मी ते घालणार नाही. त्यानंतर भांडी घासायचं लिक्विड, तेही कोरड्या कापडावरच, म्हणजे ते पातळ होत नाही. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याचं सोयरं, दुसरं तेलाचं. असे रेणू तेलाच्या कडेनं जमले की पाणी धाग्याला धरून तेलाच्या खाली सरकतं, पसरलेलं तेल आखडत गोळा होतं आणि थेंब होऊन सुटतं. सुती धाग्याला पाण्याची ओढ असल्यानं हे तिथे सोपं जातं. पॉलिस्टरला पाण्यापेक्षा तेल प्रिय, म्हणून पॉलिस्टर मिसळलेल्या टेरिकॉटचा शर्ट जास्त छळतो. डाग तुपाचा असेल तर पाणी कोमट हवं. गोठलेलं तूप गोळा होणार कसं?

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढणारे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, फेस छान होतो, तेल जागच्या जागी.

थोडा जुना डाग असेल तर लायपेज हे विकर (एन्झाइम) असलेली धुण्याची पावडर घ्यावी. डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीनं धुलाईसाठीचं असं लायपेज १९८८ मध्ये बाजारात आणलं. ते एका बुरशीकडून तयार करून घेतलं जातं. ते तेलाच्या शेपट्या खुंटीपासून कापतं. गमतीची गोष्ट, त्याचं बरंचसं काम कपडा दोरीवर अर्धवट वाळत असताना चालतं, त्यामुळे गुण दुसऱ्या धुण्यात दिसतो. रेशमी साडीला मात्र अशा पावडरीपासून लांब ठेवा. त्यात बहुधा प्रथिनं तोडणारी विकरंही असतात आणि रेशीम हे प्रथिनच.

सायकलच्या चेनच्या ग्रीसवर लायपेज हात टेकतं. ते खनिज तेल, त्यात कापण्याजोगी खुंटीच नाही. त्याला घट्टपणा येतो तो बहुतेक वेळा लिथियमच्या साबणानं, आणि तो साबण बनतो एरंडेलापासून! काळा रंग धूळ आणि झिजलेल्या धातूचा. इथे कोकणातली रीत कामाला येते. फणस कापण्याआधी हाताला तेल लावतात, कारण चीक पाण्याला दाद देत नाही, तेलात सुटतो. ग्रीसवर तसंच थोडं खोबरेल चोळायचं, ते सैल झालं की दोन्ही मिळून लिक्विडनं काढायचं. गॅरेजवाले रॉकेल वापरतात, पण घरात, गॅसजवळ ते नको.

हळदीचा पिवळा डाग तेल गेल्यावरही उरतो, साबण लागताच लाल होतो. घाबरू नका, त्यातलं कर्क्युमिन उन्हात फिकं पडत जातं.

आणि धुतलेला कपडा ओला असताना तपासू नका. पाण्यानं सगळंच कापड गडद झालेलं असतं, त्यात तेल लपतं. दोरीवर पूर्ण वाळू द्या, खिडकीसमोर धरा. डाग दिसला तर पुन्हा लिक्विड. इस्त्री त्यानंतर.