फॅरोंचा कालवा

सुएझ कालव्याच्या कितीतरी आधी इजिप्तमध्ये भूमध्य आणि तांबडा समुद्र जोडणारा कालवा होता, फॅरोंचा म्हणजे इजिप्तच्या प्राचीन राजांचा. सरळ समुद्र ते समुद्र असा नव्हता हा, नाईलच्या पूर्वेकडच्या फाट्यातून बुबास्टिस या जुन्या शहराजवळ निघायचा, वादी तुमिलात या कोरड्या खोऱ्यातून पूर्वेला आणि मग बिटर लेक या खाऱ्या सरोवरांकडून खाली सुएझच्या आखातात, म्हणजे भूमध्य समुद्राची बाजू नाईलच सांभाळायची.

खणायला घेतला कोणी यावर मात्र जुना वाद आहे. अ‍ॅरिस्टॉटल, स्ट्रेबो, प्लिनी हे ग्रीक-रोमन लेखक सेसोस्ट्रिस या इजिप्शियन राजाचं नाव घेतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी इ.स.पू. १९वं शतक लिहिलेलं सापडतं. पण ग्रीकांचा सेसोस्ट्रिस म्हणजे दोन-तीन राजांच्या गोष्टी मिसळून झालेला राजा, त्यावर तारीख ठरवणं अवघडच. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सुरुवात दुसरा नेको या फॅरोपासून (साधारण इ.स.पू. ६१०–५९५) धरतो आणि खणताना १,२०,००० माणसं मेली म्हणतो, हा आकडा फुगवलेला असावा. तरी कालव्याच्या वाटेवरच्या तेल अल-मस्खुताच्या उत्खननात तिथली वस्ती नेकोच्याच सुमारास नव्याने उभी राहिलेली दिसते, त्यामुळे हिरोडोटसचं म्हणणं जास्त पटतं.

पुरा कोणी केला हाही घोळ आहे. ग्रीक इतिहासकार डायोडोरस म्हणतो की तांबड्या समुद्राची पातळी इजिप्तपेक्षा उंच आहे, देश बुडेल, या भीतीने इजिप्त जिंकलेला पर्शियन सम्राट दारियस याने काम सोडलं आणि पुढे इजिप्तचा ग्रीक वंशाचा राजा दुसरा टॉलेमी याने पाणी अडवणारा दरवाजा बसवून ते पुरं केलं. (ही उंचीची भीती नेपोलियनच्या सर्व्हेपर्यंत टिकली, त्यातही सुमारे १० मीटरचा फरक निघाला होता, तो चुकीचा ठरला.) पण सुएझजवळच्या शलूफपाशी १८६६ मध्ये दारियसच्या गुलाबी ग्रॅनाइटच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले, त्यात तो स्वतः सांगतो की मी पर्शियन, पिरावा नदीपासून (म्हणजे नाईल) पर्शियाकडून येणाऱ्या समुद्रापर्यंत हा कालवा खणायला लावला आणि जहाजं यातून पर्शियाला गेली. राजाची बढाई वजा केली तरी पाणी त्याच्याच काळात वाहिलं असावं, पुढे गाळ भरला आणि टॉलेमीने तो उपसून खारं पाणी अडवायला दरवाजा केला, असं मानणं बरं.

नंतर रोमन सम्राट ट्राजनने कालव्याचं नाईलकडचं तोंड दक्षिणेला बॅबिलोन किल्ल्यापाशी, आजच्या जुन्या कैरोत नेलं. दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक लुसियन एका तरुणाबद्दल लिहितो, तो नाईलवरून सुएझजवळच्या क्लिस्मा बंदरात पोचला आणि तिथून जहाजाने भारताकडे निघाला. ६४१-४२ च्या सुमारास इजिप्त जिंकणाऱ्या अरब सेनापती अम्र इब्न अल-आसने कालवा पुन्हा उपसला, मदिनेला धान्य जायला लागलं आणि मदिनेत बंड झालं तेव्हा खलिफा अल-मन्सूरने, बहुधा ७६७ मध्ये, तेच धान्य तोडायला तो बुजवला. कैरोतला तुकडा 'खलीज' म्हणून १९व्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकला, मग त्यावर ट्राम धावली, आता तिथे पोर्ट सैद रस्ता आहे.